‘सोयाबीन म्हणजे गोड विष’ म्हणे! त्या मेसेजले एकेक मुद्द्यानं उत्तर

आमच्या तालुक्यातल्या जवळपास सगळ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिला. भावकीचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, शेतकरी ग्रुप, एकही सुटला नाही. वर लाल अक्षरात ‘सोयाबीन म्हणजे गोड विष’ आणि खाली धडाधड मुद्दे: सोयाबीनमध्ये बायकांचं हार्मोन असते, माणसाची छाती वाढते आणि तो नामर्द होतो. थायरॉईड बिघडते. बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो. पोरी लवकर वयात येतात. सोयाच्या वड्या म्हणजे पेट्रोलनं धुतलेली जनावराची ढेप. सगळं सोयाबीन जीएम, म्हणजे जनुकं बदललेलं आहे. चीन-जपानवाले फक्त आंबवून खातात, म्हणून ते वाचले. आपल्या बापजाद्यांनी हे कधी खाल्लं नाही. आणि शेवटी ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आहे, जनहितासाठी पुढे पाठवा’.

माझं गावात मेडिकल आहे आणि मागं थोडं वावर. आधीच सांगून टाकतो, वावरात दरवर्षी सोयाबीन असते, म्हणजे कोणी म्हणेल की हा आपल्या मालाची जाहिरात करून राहिला. तर राजेहो, तुम्ही वडी खाल्ली काय अन् न खाल्ली काय, माझ्या कट्ट्याचा भाव त्यानं एक रुपयानंही हलत नाही, तो भाव तेलावर, डीओसीवर (तेल काढून उरलेल्या पेंडीवर) आणि बाहेरून काय येते त्याच्यावर ठरते, हे बाजार समितीत एकदा तरी माल नेलेल्या कोणालाही माहीत आहे. मी लिहून राहिलो ते याच्यासाठी की दुकानात औषध घ्यायला आलेल्या बाया विचारतात, “भाऊ, वडी खाल्ली तं थायरॉईड होते म्हंते, खरं हाय काय?” आणि काही घरांत तर गरोदर सुनेच्या ताटातून वडी काढूनही टाकली. तिच्या बदल्यात काय दिलं म्हणाल तर काहीच नाही, पातळ वरण होतं तेच.

आता मुद्दे. मेसेजच्याच क्रमानं जातो, पण जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं थांबीन.

पहिला मुद्दा, बायकांचं हार्मोन. हे सगळ्यात जास्त चालते, कारण पोट्ट्यांना याचीच भीती जास्त. जिमला जाणारी पोरं वडी सोडून हजारो रुपयांचा डबा आणतात ते याच्याचमुळे. खरं काय आहे, तर सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाचे पदार्थ असतात, त्यातले मुख्य दोन म्हणजे जेनिस्टीन आणि डेडझीन. यांची रचना इस्ट्रोजेनसारखी, म्हणजे बायकांच्या हार्मोनसारखी दिसते, म्हणून यांना वनस्पती-इस्ट्रोजेन म्हणतात. पण दिसणं वेगळं आणि काम करणं वेगळं. शरीरात इस्ट्रोजेन ज्याला चिकटते ते रिसेप्टर दोन प्रकारचे आहेत, अल्फा आणि बीटा. दुसरा, म्हणजे बीटा, तर १९९६ साली सापडला. सोयाबीनचे पदार्थ जास्त करून बीटाला चिकटतात आणि त्यांचा जोर आपल्या अंगातल्या खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा कितीतरी कमी असतो. म्हणून ‘सोयाबीन खाणं म्हणजे बाईचं हार्मोन खाणं’ हे वाक्यच चुकीचं.

बरं, रिसेप्टरचं जाऊ द्या, माणसांवर मोजलं काय कोणी? मोजलं. २०१० मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, माणसाच्या टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषी हार्मोनवर, सोया प्रोटीनचा किंवा आयसोफ्लेवोनचा परिणाम दिसला नाही. २०२१ मध्ये पुन्हा नवे प्रयोग घेऊन ४१ अभ्यासांचं असंच एकत्रित गणित मांडलं, निकाल तोच. टेस्टोस्टेरॉन कमी नाही, इस्ट्रोजेन जास्त नाही.

मग छाती वाढल्याची गोष्ट आली कुठून? तिच्यामागे एक खरा पेशंट आहे. अमेरिकेतला ६० वर्षांचा माणूस, २००८ मध्ये त्याच्यावर डॉक्टरांनी लेख लिहिला. त्याची छाती खरंच वाढली होती, दुखत होती आणि रक्तात इस्ट्रोजेनही वाढलेलं होतं. पण तो रोज जवळपास तीन लिटर सोया दूध पीत होता. तीन लिटर, बापा! आपल्याकडे घरच्या म्हशीचं दूध कोणी रोज तीन लिटर पित नाही. त्यानं ते बंद केलं आणि त्याचं सगळं जागेवर आलं. एका माणसाच्या तीन लिटरची गोष्ट मेसेजमध्ये येता येता ‘सोयाबीन खाल्ल्यानं’ अशी झाली, लिटर मधातच गळून गेले.

दुसरी एक गोष्ट याच्यामागे आहे ती प्राण्यांची, आणि ती तर अजून जुनी. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, शोधलं तर कळलं की त्या ज्या क्लोव्हर नावाच्या चाऱ्यावर चरत होत्या त्याच्यात हे वनस्पती-इस्ट्रोजेन भरपूर होते. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत चित्त्यांना पिल्लं होत नव्हती, त्यांच्या खाण्यातही सोया निघालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मेंढी दिवसभर दुसरं काही न खाता तोच चारा खाते, आणि मांजरकुळातल्या प्राण्यांच्या यकृताला हे पदार्थ बाहेर टाकायचं काम नीट जमतच नाही, माणसाच्या यकृताला जमते. तसं तर आमच्याकडे बैलं, गाई, बकऱ्या वर्षभर सोयाबीनचं कुटार खातात आणि गोठ्यात वासरं होऊनच राहिले. हा काही पुरावा नाही, कुटारात आणि दाण्यात फरक आहे, पण मेंढीची गोष्ट निघाली म्हणून मी बकरी सांगितली.

शुक्रजंतूंबद्दलही एक अभ्यास खरा आहे, तोही लपवत नाही. अमेरिकेत मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या जोडप्यांतल्या ९९ पुरुषांवर २००८ मध्ये तो झाला. जास्त सोया खाणाऱ्यांत एका मिलीलिटरमधली शुक्रजंतूंची संख्या कमी दिसली, पण एकूण संख्येत ठोस म्हणता येईल असा फरक नव्हता, हालचालीत आणि आकारात तर नव्हताच. ९९ माणसं, तीही दवाखान्यातलीच, आणि काय खाल्लं ते आठवून सांगितलेलं. एवढ्यावरून अख्ख्या जिल्ह्याला नामर्द ठरवायचं? चीनमध्ये लोक पिढ्यान् पिढ्या टोफू खाऊन राहिले आणि तिथल्या सरकारला एकच मूल होऊ द्या म्हणून कायदा करावा लागला. हेही शास्त्र नाही, मला माहीत आहे, पण पारावर एवढं पुरते.

आता थायरॉईड. इथं मी जरा जास्त थांबणार, कारण मेसेजमधला हा एकच मुद्दा असा आहे की ज्याच्यात कामाचं काहीतरी आहे आणि तेच नेमकं त्यानं लिहिलं नाही.

थायरॉईडच्या ग्रंथीत हार्मोन तयार करायला एक एन्झाइम लागते आणि आयोडीन लागते. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत आयसोफ्लेवोननं त्या एन्झाइमचं काम अडवलं, हे खरं. १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि ६० च्या सुरुवातीला परदेशात सोयाच्या पावडरीवर वाढवलेल्या काही तान्ह्या बाळांना गलगंड झाला, हेही खरं. पण त्या पावडरीत आयोडीन टाकलेलं नव्हतं आणि बाळाला दुसरं काहीच खायला नव्हतं. पावडरीत आयोडीन टाकायला लागले आणि ती तक्रार थांबली. म्हणजे घरात आयोडीनचं मीठ असेल तर हा धोका फार उरत नाही. आता तुमच्या घरात कोणतं मीठ आहे ते बघा, कारण आमच्या भागात ‘खडे मीठ चांगलं’ असाही एक मेसेज मधात फिरला होता आणि कित्येकांनी पाकिटाचं मीठ बंद केलं. सोयाबीनची भीती बाळगून खडे मीठ खाणाऱ्याला काय म्हणावं?

मोठ्या माणसांवरचे प्रयोग एकत्र केले २०१९ मध्ये. टी-थ्री, टी-फोर म्हणजे खरे हार्मोन, त्यांच्यावर परिणाम नाही, टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, किंचित वाढलेला दिसला. ज्याचं थायरॉईड चांगलं आहे त्याला याचं काही वाटून घ्यायचं कारण नाही. पण ज्याचा रिपोर्ट काठावर आहे, म्हणजे टीएसएच वाढलेला पण टी-फोर अजून ठीक, अशा लोकांनी मात्र ऐका. इंग्लंडमध्ये अशाच ६० जणांवर एक प्रयोग झाला, २०११ साली छापून आला. रोज सोया प्रोटीनसोबत १६ मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन दिलं, तर ६० पैकी ६ जणांचं काठावरचं थायरॉईड पूर्ण थायरॉईडमध्ये गेलं. त्याच प्रयोगात त्यांचं बीपी थोडं कमी झालं हेही निघालं, पण ते सोडा. छोटा प्रयोग आहे, तरी काठावरच्या माणसानं रोज वाटी भरून वडी सुरू करण्याआधी डॉक्टरला विचारावं आणि काही महिन्यांनी रक्त तपासावं, एवढं त्याच्यातून नक्की निघते.

आणि ज्यांना थायरॉईडची गोळी आधीच चालू आहे त्यांच्यासाठी, हे दुकानात मी रोज सांगून राहिलो: गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहासुद्धा नाही. सोयाबीन गोळी अंगात शोषली जाण्याच्या आड येते, म्हणून सकाळी गोळी आणि लगेच सोया दूध किंवा सोयाबीन घातलेल्या पिठाची पोळी असं करू नका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तर चार तास लांबच ठेवा. आमच्याकडे बाया काय करतात, थायरॉईडची, रक्तवाढीची, कॅल्शियमची, सगळ्या एकदमच चहासोबत घेऊन मोकळ्या होतात, आणि मग टीएसएच काऊन कमी होत नाही म्हणून वडीला शिव्या देतात. दुपारच्या किंवा रात्रीच्या भाजीत वडी असली तर गोळीशी तिचं काही भांडण नाही, फक्त एका आठवड्यात रोज आणि पुढचे दोन महिने काहीच नाही असं करू नका, कारण डॉक्टर डोस ठरवतो तो तुमच्या नेहमीच्या खाण्यावर.

कॅन्सरचा मुद्दा. हा मेसेज मला ज्यानं पाठवला त्याच्या तोंडात तेव्हा सुपारी-तंबाखूचा खर्रा होता, म्हणजे दिवसभर असतेच. सुपारी आणि तंबाखू या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं पहिल्या गटात टाकल्या, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का आहे असा गट. सोयाबीन त्या गटात नाही. पण खर्ऱ्यावर मेसेज फिरत नाही.

स्तनाच्या कॅन्सरची भीती उंदरांवरून आली. उंदरांची प्रतिकारशक्ती काढून टाकलेली, अंडाशय काढलेले, त्यांच्या अंगात माणसाच्या कॅन्सरच्या पेशी लावलेल्या, आणि मग त्यांना जेनिस्टीन दिलं तर गाठी वाढल्या. शास्त्रज्ञांना काळजी वाटली ती बरोबरच होती, म्हणूनच तर त्यांनी पुढं बायकांवर पाहिलं. चीनमध्ये शांघायला स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५,०४२ बायकांचा काही वर्षं पाठपुरावा केला, २००९ मध्ये निकाल आला. ज्यांच्या जेवणात सोया जास्त होतं त्यांच्यात कॅन्सर परत येण्याचं आणि मरण्याचं प्रमाण कमी निघालं, जास्त नाही. सोयामुळेच कमी झालं असं म्हणता येत नाही, त्या बायका बाकी खाण्यापिण्यातही वेगळ्या असू शकतात, पण ‘सोयानं कॅन्सर होतो’ याच्या बरोबर उलट्या बाजूची ही गोष्ट आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही सोयाचे खाद्यपदार्थ खायला हरकत नाही असंच सांगते. खाद्यपदार्थ म्हणतो हां मी, आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूल वेगळ्या. ज्यांची कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे त्यांनी तसली कॅप्सूल आपल्या डॉक्टरला न विचारता घेऊ नये, आणि माझ्याकडे मागितली तर मी देत नाही.

पोरी लवकर वयात येतात, हा मुद्दा लवकर संपवतो. शाळेच्या पोषण आहारात सोयाबीन पुलाव असतो म्हणून मायबाप घाबरले. अमेरिकेत ज्यांना तान्हेपणी सोयाची पावडर पाजली होती आणि ज्यांना गायीच्या दुधाची, अशा ८११ जणांना ते मोठे झाल्यावर, २० ते ३४ वयात गाठून तपासलं, २००१ मध्ये छापलं. वयात येणं, उंची, वजन, गरोदरपण, कशातच मोठा फरक नाही. सोयावाल्या बायकांची पाळी थोडी जास्त वेळ चालते आणि त्रास थोडा जास्त, एवढंच. आणि ही बाळं तर महिनोन् महिने फक्त सोयावरच होती, पुलावात पडणाऱ्या चार वड्यांवर नाही. जाता जाता, सोया दूध हे तान्ह्या बाळाचं दूध नाही, सहा महिने आईचंच.

आता माझा आवडता मुद्दा, वडी म्हणजे जनावराची ढेप.

अर्धं खरं आहे. सोयाबीनच्या दाण्यात साधारण २० टक्के तेल आणि ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असते. प्लांटमध्ये दाणा दाबून पापड्यांसारखा पातळ करतात, मग हेक्झेन नावाच्या द्रावकानं त्याच्यातलं तेल ओढून काढतात. जे उरते ते डीओसी, बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्यातलंच माणसाच्या खाण्यासाठी वेगळ्या दर्जाचं पीठ बनवतात, ते पीठ ओलं करून मशीनमध्ये दाबाखाली, उष्णतेत शिजवून बारीक भोकातून बाहेर ढकलतात, बाहेर आल्याबरोबर फुगते, वाळवली की वडी. तर होय, तेल काढल्यावर जे उरलं त्याचीच वडी होते, आणि म्हणूनच तिच्यात फॅट नावापुरतं आणि प्रोटीन निम्म्याच्या वर. हे लाजायचं आहे की पाकिटावर छापायचं?

‘पेट्रोलनं धुतलेली’ म्हणजे ते हेक्झेन. खनिज तेलातूनच निघते, खरं आहे. पण ते ६९ अंशाला उकळते, म्हणजे पाण्याच्या कितीतरी आधी, आणि प्लांटवाले वाफ देऊन ते काढून परत वापरतात, कारण ते पैशाचं आहे. जे अगदी थोडं उरते त्याला कायद्यानं मर्यादा आहे. आणि गंमत अशी की ज्याला वडीतल्या हेक्झेनची भीती वाटते तो घरी रिफाइंड सोयाबीन तेल आणते, तेही बहुतेक याच द्रावकानं काढलेलं असते. ‘जनावर खाते म्हणून माणसानं खाऊ नये’ हे तर मला कळलंच नाही. जनावर ज्वारीचा कडबा खाते म्हणून भाकर सोडायची? तुरीची चुनी खाते म्हणून वरण?

पण या मुद्द्याच्या शेजारी मेसेजमध्ये एक शब्द आहे, ‘कच्चं सोयाबीन विषारी’, आणि हा मी मान्य करतो, शंभर टक्के. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, ते आपल्या पोटातलं प्रोटीन पचवणारं एन्झाइम अडवतात. शिजवल्यावर सोयाबीन उंदरांना मानवते आणि कच्चं मानवत नाही, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल या दोघांनी १९१७ मध्येच दाखवलं, म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली. वडीत ही अडचण नाही, ती बनतानाच शिजते. अडचण आपल्या घरात आहे. आपण काय करतो, घरचं सोयाबीन तसंच कच्चं गव्हात मिसळून चक्कीवर नेतो. तव्यावरची पोळी दोन मिनिटांत होते, तेवढ्यात ते पुरतं मरत नाही. त्याच्यापेक्षा दाणे आधी उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटं उकळा, उन्हात खडखडीत वाळवा आणि मग दहा किलोत किलोभर घालून दळा. वासही जातो आणि पोटही धरत नाही. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं एनआरसी १२७ नावाचं वाण काढलं त्याच्यात मुख्य ट्रिप्सिन इनहिबिटर नाहीच, नंतरच्या एनआरसी १४२ मध्ये तो वास आणणारं एक एन्झाइमही नाही. आमच्याकडे ते दिसत नाही, कारण बाजारात त्याचा वेगळा भाव कोणी देत नाही.

आणि खरं विष कुठं आहे ते सांगतो, मेसेजवाल्याला याचा पत्ताच नाही. पेरणी झाल्यावर थैलीत उरलेलं बियाणं. लाल-गुलाबी रंगाचं, बुरशीनाशक, कीटकनाशक लावलेलं. दुबार पेरणीसाठी ठेवतात, दिवाळीपर्यंत कोपऱ्यात पडून राहते आणि मग कोणीतरी धुऊन वाळवून दळायला काढते. धुतल्यानं ते जात नाही. ते माणसानंही खायचं नाही, कोंबड्यांनाही टाकायचं नाही. तसंच सोंगणीच्या वेळी पावसात सुडी भिजली आणि दाणा काळा पडला, बुरशी चढली, तो माल ‘घरी खायला होईल’ म्हणून ठेवू नका. आपल्याकडे चांगला माल विकायचा आणि डागी माल घरात ठेवायचा ही जी सवय आहे, ती सोयाबीनच्या बाबतीत तरी सोडा.

जीएम. भारतात आजघडीला व्यापारी लागवड होते असं जीएम पीक एकच, बीटी कापूस, २००२ पासून. सोयाबीनच्या जीएम वाणाला लागवडीची परवानगी नाही. आपण पेरतो ते जेएस ३३५ असो की फुले संगम, सगळे साध्या संकरातून निवडलेले वाण आहेत, म्हणून तर घरचं बियाणं उगवण तपासून पुन्हा पेरता येते. बाहेरून काय येते ते वेगळं. अर्जेंटिना-ब्राझीलचं तेल येते ते जीएम सोयाबीनचंच, पण रिफाइंड तेलात प्रोटीन जवळपास राहत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम पेंड आणायला परवानगी दिली तेव्हा आपण चिडलो होतो ते तब्येतीसाठी नाही, दहा हजारांवर गेलेला भाव कोसळला म्हणून. तो राग माझा अजून गेला नाही, पण त्याच्यासाठी माझ्याच वावरातल्या दाण्याला जीएम म्हणणार नाही.

‘चीन-जपानवाले फक्त आंबवून खातात’. नाही. मिसो, नॅट्टो, सोया सॉस हे आंबवलेले. टोफू आंबवलेला नसते, सोया दूध नसते, हिरव्या शेंगा उकडून खातात त्याही नसतात. जपानमध्ये माणसामागे रोज साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन जेवणातूनच जाते. आपण आठवड्यातून दोनदा मूठभर वडी खाऊन तिथपर्यंत पोचतही नाही.

बापजाद्यांनी खाल्लं नाही, हे विदर्भापुरतं बरोबर आहे. आमच्याकडे सोयाबीन आलं ते मुख्य करून १९८० नंतर. उत्तराखंडात मात्र काळं सोयाबीन, भट म्हणतात त्याला, कितीतरी पिढ्यांपासून शिजते. आणि बापजाद्यांचाच हिशोब लावायचा तर मिरची, आलू, टमाटे, भुईमूग, सगळंच पोर्तुगीजांच्या काळात समुद्रापलीकडून आलं, मग भिवापुरी मिरचीही सोडा आणि तर्रीही सोडा.

पण या मुद्द्यात एक दुखणं लपलेलं आहे ते मला पटते, फक्त मेसेजवाल्यानं ते चुकीच्या जागी दाखवलं. सोयाबीन आल्यावर वावरातून काय गेलं ते बघा. ज्वारी गेली, मूग-उडीद गेले. पूर्वी जे पिकायचं त्यातलं निम्मं घरात यायचं, डाळ घरची, भाकर घरची. आता सोयाबीन निघालं की थ्रेशरवरूनच गाडी भरते आणि बाजार समितीत जाते, घरात चार दाणे येत नाहीत, आणि मुगाची डाळ आपण किराणा दुकानातून विकत आणतो, नाही परवडली की वरण पातळ करतो. सोयाबीन खाऊन तब्येत बिघडली नाही, सोयाबीन पिकवून ताट बदललं, आणि ते भरून काढायला त्याच सोयाबीनची वडी सगळ्यात स्वस्त आहे. हिशोब करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापानं किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४५-४६ ग्रॅम. कोरड्या ३० ग्रॅम वडीतून साधारण १५ ग्रॅम मिळते. लक्षात ठेवा, पाकिटावरचे ५२ टक्के कोरड्या वडीचे आहेत, भिजून फुगलेल्या वडीचे नाहीत, पोट्टे तिथं चुकतात. तेवढं प्रोटीन पनीरमधून घ्यायला जाल तर पैसे कितीतरी पट लागतात.

वडीला अमृत बनवायचंही कारण नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, सरकारी सर्वेक्षणाचा आकडा आहे, आणि वडीनं ते भरत नाही, उलट सोयातलं फायटेट लोह शोषू देत नाही. भाजीवर लिंबू पिळा, थोडा फायदा होते, पण रक्तवाढीची गोळी ती गोळीच. बी-१२ वडीत नाही. काहींना सोयाची ॲलर्जी असते, अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, त्यांनी खाऊच नये. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात किंवा ज्यांच्या किडनीचा आजार चालू आहे त्यांनी किती प्रोटीन खायचं ते डॉक्टरकडून ठरवून घ्यावं. बाकी गॅस होते म्हणून ओरडणाऱ्यांनी वडी गरम पाण्यात भिजवून, पिळून, ते पाणी फेकून मग भाजीत टाकावी, आणि पहिल्याच दिवशी गंजभर खाऊ नये.

राहिले ‘एक मोठे डॉक्टर’. त्यांचं नाव मेसेजमध्ये नाही, गाव नाही, दवाखाना नाही, तारीख नाही. आमच्या भावकीच्या ग्रुपवर मी विचारलं, कोणते डॉक्टर ते तरी सांगा, तर पाठवणाऱ्यानं लिहिलं, “मले पण आलेला आहे, फॉरवर्ड केला फक्त.” त्याला कुठून आला तर साळ्याकडून, आणि साळ्याचा फोन बंद.